कल्पना माझी, पंगत अक्कांची

आदरणीय अध्यक्ष बाळकृष्णराव, व्यासपीठावरील पाहुण्या श्रीलक्ष्मीताई, आजच्या सत्कारमूर्ती कृष्णवेणीअक्का आणि तंजावूरहून, आसपासच्या गावांहून अगत्याने आलेल्या माझ्या आप्तेष्टांनो, आपणां सर्वांना वरुणरावाचा सविनय नमस्कार.

अक्का आता कोइम्बतूरला लेकीकडे राहायला निघाल्या. आपल्या लग्नांत आपलेच मराठी जेवण वाढणारे त्यांचे स्वयंपाकघर पुढे चालणार की नाही, या काळजीने आम्हा सगळ्यांना ग्रासले आहे. अध्यक्षांनी मघाशी सांगितले, या व्यवसायाची कल्पना वरुणरावांची. खरे आहे. पण कल्पनेला कष्ट कसले हो? जेवण झाल्यावर विडा चघळत मी म्हणालो, "अक्का, लग्नांत आपले आमसुलाचे सांबार कोणी का करत नाही?" एवढे बोलून मी आडवा झालो. अक्का उठल्या आणि मोठी पातेली बघायला गेल्या.

पहिले लग्न पापनाशमचे. नैवेद्य दाखवल्याशिवाय आपल्याकडे कोणी चव घेत नाही, हे आपण जाणताच. घरी ते निभते. तिथे मात्र अक्कांनी मीठ घातले आणि त्यांच्या जोडीला असलेल्या राजमनेही घातले. नैवेद्य झाला, अक्कांनी चव घेतली. इकडे पाने मांडलेली, पाहुणे हात धुऊन तयार!

राजम रडकुंडीला आली. "अय्यो अक्का, कुणास कळते? वाढून टाकू."

आणि अक्का? सरळ पंदलात, भर मांडवात जाऊन मुलीच्या वडिलांपुढे उभ्या राहिल्या. "सांबार खारट झालंय. चूक आमची. आणखी डाळ शिजवून घालते, तोवर पंगत थांबवा." पहिल्याच कामात असे सांगायची छाती आपल्यापैकी कितीजणांची आहे? कल्पनेचे जनक तर खांबाआड उभे होते!

वडील रागावले, पाहुणे कुरकुरले, पण जेवले चवीने. पुढच्या लग्नापासून अक्कांनी पद्धतच बदलली. आधी छोट्या भांड्यात नैवेद्याचा स्वयंपाक, तो देवाला दाखवायचा, मग मोठी पातेली चढवायची आणि प्रत्येकाची चव घ्यायची. मीठ एकाच हाताने. देवाचाही मान राहिला, पाहुण्यांचाही. माझी कल्पना ऐकून आणखी काहीजण या धंद्यात उतरले होते. आज ते कुठे आहेत, विचारू नका.

अक्का जाणार म्हटल्यावर राजम म्हणाली, "तुम्ही नसताना मला व्हायचं नाही. बंद करू." अक्कांनी वाद घातला नाही. तिरुवैयारूचे एक लग्न राजमच्या नावावर घेतले, आणि आम्ही सत्काराची तारीख विचारली तेव्हा नेमकी त्याच दिवसाची दिली. म्हणून राजम आज या सभागृहात नाही.

अक्का, मराठी बोलताना अडखळणाऱ्या आमच्या मुलांना निदान केळीच्या पानावर तरी आपले घर ओळखता आले, ते तुमच्यामुळे. मी मनापासून तुमचा ऋणी आहे.

अक्का, तुमचा फोन वाजतोय. घ्या, घ्या. अध्यक्षमहाराज, एक क्षण.

तर मंडळी, आपण शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. कोणाचे नाव घ्यायचे राहिले असेल, बोलण्यात तमिळ घुसले असेल, तर सांभाळून घ्या. शाल मात्र जरा थांबून घाला, अक्का डोळे पुसताहेत. फोन राजमचा होता, त्यांनीच आत्ता सांगितले. तिने काही विचारले नाही. एवढेच म्हणाली, "अक्का, पंगत बसली."