चिऱ्यांवर बजावलेला हुकूम

अधिकार डोक्यात कसा जातो, ते मला विचारा! मी तलाठी. गावात टँकर उलटला आणि तेल पऱ्याच्या ओढ्यातून थेट विहिरींकडे निघालं. बांध घालायला चिरे हवे होते. जनूकाकांच्या खळ्यात ढीग दिसला. तहसीलदारांचा आदेश नाचवत मी गरजलो, "आपत्तीत कोणाचंही सामान ताब्यात घेता येतं मला!"

"घ्या हो," काका म्हणाले.

तेल अडलं. मी ऐटीत कागद पुढे केला, "मालकाची सही?"

"ती तुम्हीच करा. तुमच्याच नव्या घराचे चिरे ते. ट्रक घाटी चढेना, म्हणून सकाळी इथे उतरवले."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही कायदा सांगत होतात. मध्ये कसा बोलू?"

विहिरी वाचल्या. माझं घर अजून जोत्यावरच आहे.