माणूस म्हणजे बोंबील

हसू नका ताई, मी खरंच सांगते, ऑर्क जिंकलाच नसता. तुमीच पापलेट हातात धरून विचारलंत ना, सोनूबाई आज एवढी कसली खुशीत, म्हणून तर सांगायला लागले. — व्हय, ऑर्क. राक्षसच तो, हिरवा, दात बाहेर, आंघोळीचं नाव न्हाय. आमच्या सुचिताच्या गोष्टीतला. सुचिता म्हणजे माझी सून. मोबाईलवर लिहिते, भाग टाकते, अन् आपल्या बोर्लीपासून पार नागपूरपर्यंत लोकं गोष्टीखाली लिहून लिहून भांडत बसतात — एल्फ भारी का बुटके भारी, ऑर्क का माणूस. टाकायच्या आधी मला वाचून दाखवते, संध्याकाळी मासळी वाळत घालताना. पहिला मान सासूचा.

आता कोण किती ताकदीचा ते माझी पाटीच सांगते, बघा. तुमच्या हातात हाय तो एल्फ. उंच, गोरा, केस कमरेपर्यंत, हजारो वर्षं मरत न्हाय म्हणे — पण जंगलातनं बाहेर काढला की संपला. पापलेट तरी पाण्याबाहेर किती जगतं? हा शिंगाळा म्हणजे ऑर्क. मेला तरी काटा मारतो, बोट टम्म सुजतं. पण अक्कल? दुश्मन समोर उभा अन् ह्यांची आपसात ताटावरनं मारामारी. चिंबोरी म्हणजे बुटका — अंगावर चिलखत, धरलं की सुटका न्हाय, पण एकदा उताणा पाडला की बसला पाय हलवत. — बोंबील व्हय? बोंबील म्हणजे माणूस, ताई. लिबलिबीत, हाडाचा पत्ता न्हाय. पहिल्या लढाईत ज्यानं त्यानं तुडवला त्याला. मी चिडले सुचितावर, म्हटलं बये, आपलीच माणसं अशी मारतेस व्हय?

पण बाई हुशार. ती भातशेतीकडची, माणगावच्या आतल्या गावातली. लग्न होऊन आली तेव्हा बोंबील एकेक करून दोरावर टाकलेन् — लुगडी वाळत घालावीत तसे. सकाळी बघतो तर सगळे वाळूत अन् कुत्र्यांची दिवाळी. एकटा बोंबील दोरावर राहतो का कधी? याचा जबडा त्याच्या जबड्यात अडकवायचा, जोडीनं टाकायचा, मग वारा येऊ दे न्हायतर वादळ. जीवन हसून हसून गडबडा लोळला होता. — जीवन माझा लेक. त्याची बोट परत आली, तो न्हाय आला. — न्हाय न्हाय, तसं तोंड नका करू, आज न्हाय. आज आनंदाचा दिवस हाय. तर शेवटच्या लढाईत हिनं काय केलं, माणसं जोडीजोडीनं उभी केली, हातात हात अडकवून. ऑर्कांची अख्खी फौज आली, एक जोडी हलली न्हाय. मी हातातले बोंबील टाकून टाळ्या वाजवल्या.

अन् ह्याच्यावरच तर गणराज भांडला. बर्फाची गाडी चालवतो तो. एवढा दांडगा ऑर्क दोन माणसांनी कसा अडेल, असं लिहिलं त्यानं गोष्टीखाली. हिनं उत्तर दिलं, मग त्यानं, मग हिनं — अन् मग बर्फाची गाडी आमच्या दाराशी जरा जास्तच थांबायला लागली. मी काय आंधळी हाय? मीच म्हटलं त्याला, आईला घेऊन ये, रीतसर मागणी घाल. आज आलेत. आत्ता घरात बसलेत, शेजारच्या नीराबाईला चहा करायला सांगून आलेय. — मी इथं कशाला? अहो, मी समोर दिसले की सुचिता न्हाय म्हणणार. याआधी म्हणालीच ती, आई, तुम्हाला एकटं टाकून मी जायची नाही. म्हणून पाटी उचलली अन् आले पळून. जीव थाऱ्यावर न्हाय म्हणून तुमच्याशी बडबडतेय. तिनं हो म्हटलं की झालं. माझं काय, मी सुकलेला बोंबील, मला दोर कशाला, डब्यात पडून राहीन. गोष्टीतपण एक म्हातारी हाय, सगळ्यांच्या जोड्या लावून देणारी. तीच शेवटी उरते, बिनजोडीची. तिचं पुढं काय झालं ते बयेनं अजून लिहिलंच न्हाय.

थांबा, फोन. — बोल सुचिता. — अगं गोष्टीचा शेवट काय सांगतेस, त्यांना काय उत्तर दिलंस ते सांग आधी. — बरं, ऐकते. — म्हातारी एकटीच उभी. — मग? — एक जोडी तिला आपल्यात घेते? तिघं? अगं, तिसरा बोंबील कधी कुणी अडकवलाय का जोडीत? दोर तुटेल की. — हे त्याला सांगितलंस? त्याच्या आईसमोर? — अन् तो? — काय म्हणाला?

ताई, ते पापलेट ठेवा खाली. आज धंदा बंद. — याला रडणं म्हणतात व्हय? काहीतरीच. — तो म्हणाला, तिघांचा दोर मी बांधतो. — सरका ना ताई, पाटी उचलू द्या मला.