बाकावरची टकटक

चाची, आणि पठाण सरांना जीव लावणाऱ्या सगळ्यांनो,

घरून चार वाक्यं पाठ करून आले होते. माईक हातात आला आणि एकही आठवत नाही. सर असते तर म्हणाले असते, "बेटा, पाठ केलेलं वेळेला दगाच देतं."

भूकंपात भिंत अंगावर आली आणि माझे डोळे गेले. मामांनी मला लातूरला आणलं. दहावीला सगळे म्हणाले, गणित सोड. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. त्यातल्या एकात सर गणित शिकवायचे. त्यांनी मला शंभर पोरांत, पहिल्या बाकावर बसवलं.

पहिल्याच दिवशी सर फळ्यापाशी म्हणाले, "ही बाजू आणि ही बाजू समान." मी विचारलं, "कुठली ही?" क्लास हसला. सर नाही हसले. म्हणाले, "मी असं बोललो की बाक वाजवायचा."

मी टकटक केली की सर म्हणायचे, "हाव, चुकलं माझं." मग बाजूंची नावं घेऊन पुन्हा सांगायचे. पण मागून पोरं कुरकुरायची, "हिच्यापायी पोर्शन मागं पडून राहिलाय." मला लाज वाटली. तीन दिवस हात मांडीखाली दाबून बसले. काही समजत नव्हतं. गणित सोडायचं, असं मनाशी ठरवूनही टाकलं.

चौथ्या दिवशी सर बाकापाशी आले. "टकटक न्हाई? मी लई शहाणा झालो व्हय?"

मला रडूच आलं. सर क्लासला म्हणाले, "हिला कळलं न्हाई, म्हंजी मला सांगता येत न्हाई. पोर्शन थांबंल." मग मी पुन्हा बाक वाजवला. आठवडाभरात मागच्या बाकांवरूनही टकटक यायला लागली. डोळे असलेल्यांनाही 'ही' कुठली ते कळत नव्हतं तर.

चाची, तेव्हा तुमच्या नि सरांच्या घरी बसून तुम्ही पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून दिलेला त्रिकोण अजून माझ्याकडे आहे. नांदेडला माझ्यासारख्या मुलांना मी त्यावरच शिकवते. परवा मीच बोलून गेले, "हा कोन." एका मुलीनं लगेच बाक वाजवला. मला सरांची फार आठवण आली.

मघापासून सगळे म्हणताहेत, सर तिकडं गेले. तिकडं म्हणजे कुठं, सर? कुणीच नीट सांगत नाही. म्हणून या टेबलावर मी एकदा टकटक करते. मग आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. उत्तर येणार नाही, मला माहीत आहे. तरी ऐकू या.