गरम मशीनं

लेबलवाली : काका, हेही गरम आहे.

हिशेबनीस : असेल.

लेबलवाली : खुर्चीवर बोटभर धूळ आणि कॉम्प्युटर गरम! भूत बसतं की काय इथं?

हिशेबनीस : भूत असतं तर बरंच झालं असतं. चहाला तरी सोबत.

लेबलवाली : चेष्टा नको हो. वापरातल्या मशीनला पांढरं लेबल, नुसत्या पडून असलेल्याला लाल. लाल म्हणजे गोदामात रवानगी. याला कोणतं लावू?

हिशेबनीस : चालू दिसतंय ना? मग पांढरं लाव.

लेबलवाली : चालू आहे, पण चालवतंय कोण? सगळे तर घरून काम करतात.

हिशेबनीस : मीच सुरू करतो, सकाळी आल्यावर. दारापासून थेट खिडकीपर्यंत.

लेबलवाली : सगळी? ती कशाला?

हिशेबनीस : आतले पंखे घरघरतात गं. पाठ करून बसलं की वाटतं, मंडळी कामाला लागलीत. हसू नकोस.

लेबलवाली : नाही हसत.

हिशेबनीस : तू लाल लावलंस की मशीनं जाणार. मशीनं गेली की मजला बंद. मग मलाही सांगतील, घरी बसून हिशेब करा.

लेबलवाली : लोक त्यासाठी साहेबांच्या मागे लागतात, काका! घरी कोण असतं तुमच्या?

हिशेबनीस : फ्रिज. मधूनच गुरगुरतो, मग पुन्हा अबोला.

लेबलवाली : ...मी पांढरं लावलं असतं हो. पण कुणी लॉगिन केलं, नाही केलं, ते वर साहेबांना दिसतं. खोटं लावलं तर माझी नोकरी जाईल.

हिशेबनीस : छे छे, तुझ्या पोटावर पाय नको. लाव लाल. अगं, घाई नको अशी. आधी एक कड टेकव, मग अंगठ्यानं हळूहळू पुढं सरक. हं! बघ, खाली हवेचा फुगा आला नाही.

लेबलवाली : बंद करू सगळी?

हिशेबनीस : मी करतो. मीच सुरू केली होती.

(तो एकेक मशीन बंद करत खिडकीपर्यंत जातो.)

लेबलवाली : बाई गं. केवढं शांत झालं.

हिशेबनीस : हं. तू जेवतेस कुठं, पोरी?

लेबलवाली : खाली, गाडीत. मोबाइल समोर ठेवून.

हिशेबनीस : खालचे मजले राहिलेत ना अजून तुझे?

लेबलवाली : हा महिना जाईल त्यात.

हिशेबनीस : मग हा मजला बंद होईपर्यंत डबा घेऊन वर येत जा. बोललंच पाहिजे असं काही नाही.