स्वयंपाकघरावरचा झरोका

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपले मामा, सोबत आलेल्या मामी, आणि जहाजदुरुस्तीच्या या गोदीतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मामांनी जन्मभर जहाजांच्या डेकवर काचेचे झरोके बसवले. देवाने उजेड केला, पण डेकखाली राबणाऱ्या माणसापर्यंत तो कोणी पोहोचवायचा? ते काम मामांनी केलं.

झरोका बसला की आमची एक रीत. मामा वरून बादलीने पाणी ओतणार, मी खाली तोंड वर करून उभा. कपाळावर थेंब पडला तर काच पुन्हा उचलायची. वरून हाक यायची, "पडलं का रे? की उभ्या उभ्या झोपलास?" मी म्हणायचो, "मामा, पाणी नाही, तुमचा घाम गळतोय!" "मग पुसू नकोस, तेवढीच अक्कल उतरेल डोक्यात!"

शेवटचा झरोका त्यांनी समोर धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या स्वयंपाकघरावर बसवला. तिथला आचारी म्हणाला होता, "मामा, सकाळ झाली हे मला घड्याळ सांगतं हो." काल त्याने त्या काचेखाली हात धरला, उलटासुलटा करून उन्हात पाहिला.

आता कसं सांगू? मामा, उद्या तुम्ही मामींना तो झरोका दाखवायला आणणार आहात. आणू नका. आज दुपारी जहाजमालकांचा निरोप आला. काचेचा भरवसा नाही, वरून पत्रा जोडा, खाली दिवे आहेतच. एक थेंब गळत नाही, माझं कपाळ साक्षीला आहे, असं मी परोपरीने सांगितलं. अध्यक्षसाहेबांनीही फोनवर विनवलं. पण जहाज त्यांचं. आपण काय करणार? आणि मुकादम मी, तेव्हा उद्या सकाळी पत्रा जोडायला माणसं मलाच लावायची आहेत. दुपारपासून देवाला विचारतोय.

बसा मामा, बसा. तुमच्या कामात खोट नाही. मामी, जरा त्यांचा हात धरा.

बाहेर अजून ऊन आहे. साहेब, परवानगी असेल तर चहा मागाहून घेऊ. मामी, जहाजाच्या त्या स्वयंपाकघरात आधी तुम्ही उतरा. जिना अरुंद आहे, आचारी हात देईल. मग आपण सगळे एकेक करून त्या काचेखाली उभे राहू. याहून जास्त मला काही करता येत नाही.

सत्काराच्या सभेत नको ते बोललो, ते पोटात घाला. ऐकून घेतलंत, उपकार झाले. चला, ऊन उतरतंय.