ही पट्टी गारंची न्हाई

हसा! हसा तुमी, खुशाल हसा! डोस्क्याला पट्टी, डोळा काळानिळा, पुढचा दात गायब, पाय लंगडतोय... आन् जो उठतोय तो इचारतोय, "काय आवं सयाजीराव, गारंनं झोडपलं वाटतं?" आवं, कसली गार! गारंचं म्हंजी हे हितं बघा, कानामागं, हे टेंगूळ. एवढंच! गार बिचारी एवढंच करून गपगुमान वितळून गेली. बाकीचं सगळं दुरुस्तीचं! तुमाला सांगतो, ही पट्टी गारंची न्हाई, दुरुस्तीची हाय!

बसा, बसा. सांगलीची मोटार विट्याच्या ह्या स्टँडावर कवा येळंवर आलीया? मला सांगा, तुमच्यात कौलारू घर कुनाचं हाय? तुमचं? मग तुमी जरा जवळ सरका. बाकीच्यांनी न्हाई ऐकलं तरी चालंल, धाब्याच्या घरात सुखानं झोपताय, मातीचं छप्पर, गार पडली तर वरच्या वर फुटती. पर आमच्या बाला हौस! गावात पयलं मंगळुरी कौलांचं घर त्येनं बांधलं. सांगलीच्या वखारीतनं बैलगाड्या भरून कौलं आनली, आन् दर कौल अंड्यागत गवतात गुंडाळलेलं. बा मेला, आन् आमी दोघं भाऊ, म्हंजी थोरला आकारामदादा आन् मी, वाटनी करायला बसलो. पंच आलं, चा प्यालं, पान खाल्लं, आन् घराच्या बरोबर मधनं, आड्याखालनं भिंत घालून दिली. छपराची पुढची उतरन, म्हंजी पुढची पाख माझी, मागची पाख दादाची. पुढलं दार माझं, मागलं दार दादाचं. झ्याक! आन् आडं? दोन पाखा जितं मिळत्यात ते आडं, त्याच्यावरची पालथी कौलं, ती कुनाची? पंच इसरलं! पान खायला इसरलं न्हाईत, आडं इसरलं!

त्या आड्यापायी आमचं बोलनं बंद. किती वर्सं? मी लढाईवर गेलो तवा बंद हुतं, परत आलो तवा बी बंदच. आवं, इटलीत जर्मनाच्या तोफंखाली मी दिवस काढलं, डोंगर फुटत हुता डोक्यावर, पर मला खरचटलं न्हाई! आन् घरात... असू द्या. तर बोलनं बंद म्हनून काय बोलायचं न्हाई व्हय? बोलायला तर लागतंच! मग जनावराला सांगायचं. दादा मागल्या दारी म्हशीला म्हननार, "म्हशे, काई लोकांच्या शेळ्या आपली भेंडी खात्यात गं! दावं परवडत न्हाई वाटतं गरिबांना!" मग मी पुढल्या दारी बैलाला म्हननार, "बैला, काई लोकांच्या भेंड्यांना कुंपन घालायची अक्कल नसती रं!" असा आमचा सगळा येव्हार. म्हस शानी झाली, बैल शाना झाला, आमी हुतो तितंच.

आन् मदीच आमच्या अंजनाचं जमायला आलं. माझी पोरगी हो! एकुलती एक, आन् दादाला लेकरू न्हाई म्हंजी दोन्ही दारांत तीच एक. भिंतीचं तिला काय न्हाई, सकाळी हिकडं भाकरी खानार, दुपारी तिकडं ताक पिनार. स्थळ म्हसवडचं. कृष्णात जमादार, पेन्शनीत आलेला मानूस, त्येंचा थोरला ल्योक पलटनीत. रजेवर आलेला. रजा सपली की गेला, मग परत कवा, देवाला ठावं. जमादारांचा सांगावा आला, "सोमवारी पोरगी बघायला येतो. कौलारू घर हाय म्हनं तुमचं, ते बी बघू." झालं! माझी कारभारीन हरनाबाई, तिनं सोप्याला सारवान घातलं, भिंतीला चुना लावला. आन् शुक्रवारी आभाळ आलं.

काळं न्हाई हो, हिरवं! हिरवं आभाळ कवा बघितलंय? बघू बी नका. वारं पडलं, कोंबड्या गप झाल्या, आन् मग जे सुरू झालं... धाड! धाड! धाड! पयल्या झटक्याला सुपारीएवढी गार. कुत्रं केकाटत चुलीत शिरलं. लिंबाच्या फांद्या तुटून दारात. हरनाबाई वराडली, "आवं बघताय काय! लोखंड टाका अंगनात, लोखंड!" आमच्यात तसंच हाय, अंगनात लोखंड फेकलं की गार थांबती. मी कोयता फेकला. तिकडनं दादानं कुऱ्हाड फेकली, आवाज ऐकला मी. आन् काय सांगू तुमाला, गार थांबायची राहिली बाजूला, लिंबाएवढी झाली! मी पहार फेकली, गार पेरूएवढी! मी म्हनलं आता नांगर फेकला तर नारळच पडत्याल, ऱ्हाऊ द्या!

पर कोयता बाहीर भिजत पडला ना! म्हनून मी धावलो. धावायच्या आदी म्हनलं, पलटनीतलं लोखंडी टोप घालावं. त्या टोपावर सरकारचा शिक्का हाय, गोळी सुदा आडवतंय. बघतो तर टोपात कोंबडी बसलीया, अंड्यांवर! उठवायला गेलो तर चोच मारली मनगटावर, ही बघा. इटलीतनं टोप आनलं मी, आन् हक्क कोंबडीचा! तसाच गेलो, बोडका. कानामागं बसली एक. डोळ्यापुढं इटली दिसली, आख्खी.

आन् वर कौलं! फटाफट फटाफट, लाह्या फुटाव्या तशी फुटत हुती. बाची कौलं! गवतात गुंडाळून आनलेली! घरात आभाळ दिसायला लागलं. गारा थेट चुलीत, दळनात, हातरुनात. अंजना मदोमद हुबी, हातात एक गार घेऊन, आन् रडतीया. म्हनली, "आबा, सोमवारी ह्यातनं पावनं काय बघत्याल?" खरंच सांगतो, लढाईत सुदा मी एवढा हरलो न्हवतो.

दुसऱ्या दिवशी कौलं चाळायला नाथाजीला बलावलं. आता नीट ऐका हां, कौलारूवाले! नवी कौलं घ्यावी म्हनलं तर लढाईपास्नं वखारी मोकळ्या, पत्रा घ्यावा म्हनलं तर परमिट पायजे, आन् परमिट म्हंजी सोमवार कुठला, पुढची दिवाळी! नाथाजी वर चढला, आड्यावर दोन्हीकडं पाय सोडून घोड्यावर बसल्यागत बसला, हिकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन् त्येनं खुळ्यानं जे बोलू नये ते मोठ्यांदा बोलला: "दोनी पाखांची चांगली कौलं एकीवर केली, तर एक पाख पुरी हुतीया!"

एक पाख पुरी हुतीया! बास! हितंच दुरुस्ती सुरू झाली, आन् खर्च बी हितंच सुरू झाला!

मागल्या दारी दादानं लगीच म्हशीला सांगितलं, "म्हशे, ऐकलंस का? मागली पाख पुरी करायची! सोमवारी पावनं आपल्या दारात येनार! अंजना माझी बी पुतनी हाय!" आता हे काय बोलनं झालं का? बाप मी! बाप मी न्हवं का? मी बैलाला म्हनलं, "बैला, पावनं बापाच्या दारात येत्यात रं, चुलत्याच्या गोठ्यात न्हाई!" मग दादा म्हनला, "म्हशे, काई लोक लढाईत भिऊन खंदकाच्या बाहीर आलं न्हाईत म्हनं!" आता? मी चढलो शिडीनं! हिकडनं मी, तिकडनं दादा, आन् मदी आड्यावर नाथाजी.

वर बैल न्हाई, म्हस न्हाई. बोलायचं कुनाला? नाथाजीला! दादा म्हनला, "नाथाजी, त्याला सांग, माझ्या पाखंवरचं एक कौल हलवलंस तर हात मोडीन!" नाथाजी म्हनला, "आवं, समोर तर बसलाय तो!" दादा गरजला, "तू सांग!" नाथाजी माझ्याकडं वळून म्हनला, "हात मोडीन म्हनत्यात." मी म्हनलं, "त्याला सांग, आडं माझं हाय!" नाथाजी तिकडं वळला, "आडं त्येंचं हाय म्हनत्यात." "त्याला सांग, आडं त्याच्या बाचं हाय काय?" नाथाजी म्हनला, "आवं, तुमच्या दोघांचा बा एकच की!" तेवढ्यात दादानं फेकलेलं पयलं कौल त्याच्या खांद्यावर बसलं. घसरत गेला गडी पाखंवरनं, वळचनीला लोंबकळला, खाली शेनाच्या ढिगात पडला, आन् उठून जो पळाला तो अजून गावात दिसला न्हाई.

मग काय इचारता! मदी कोनच न्हाई! दादानं कौल हानलं, माझा दात गेला. हा दात गारंचा न्हाई बरं का! मी कौल हानलं, दादाच्या कोपरावर. त्येनं हानलं, मी हानलं... आन् तुमाला गंमत सांगतो, हानायला फुटकं कौल कोन घेतंय? फुटक्याला वजन न्हाई! चांगलं, सबंध, खणखणीत कौल बघूनच हानायचं! गारंनं जी शिल्लक ठेवली हुती ती आमी एकमेकांच्या अंगावर सपवली! शेजारपाजारची धाब्यावर चढून बघत हुती, पोरं टाळ्या वाजवत हुती. मी दादाची गचांडी धरली, त्येनं माझ्या पेकाटात लाथ घातली, पाय लंगडतोय त्यो तवापास्नं. मी त्याला बुक्की हानली, त्येनं माझ्या डोळ्यावर, हा काळा त्यो. दोघं आड्यावर एकमेकांच्या उरावर... आन् कौलांखालच्या लाकडी रिपा कडाकडा मोडल्या.

पडलो! दोघं, वाशासकट, रिपासकट, धुरळ्यासकट, घरात! पडता पडता पंचांची ती भिंत बी घेतली खाली. वर दादा, खाली मी. पडल्यावर तरी सोडावं का न्हाई? न्हाई! दादानं माझा कान धरलेला, मी त्याचं मनगट चावलेलं, आन् धुरळा जरा बसला, तवा मला सोप्यात जोडं दिसलं. चांगलं, पालिश केलेलं, पलटनीतलं जोडं. वर बघतो तर फेटा, आन् फेट्याखाली मिशा.

कृष्णात जमादार! बरं, वार कुठला? शनवार! सोमवारी येनार हुतं! पर गारपीट झाली म्हनून ऐकलं, पावन्याचं काय झालं बघून यावं म्हनून भला मानूस दोन दिस आदीच आला. हरनाबाई तांब्या घेऊन दारात दगडागत हुबी. मी म्हनलं, संपलं. पोरीचं लगीन गेलं. खाली पडल्या पडल्या रडू आलं मला, तुमच्या गळ्याची आन. आन् दादाला बी आलं. पर कान सोडला न्हाई त्येनं.

तेवढ्यात आतनं अंजना आली. मुसळ घेऊन.

पदर खवला, मुसळ उचललं, आन् एक चुलत्याच्या टाळक्यात, एक बाच्या टाळक्यात! खाड! खाड! दोघांना सारखी, कमीजास्त न्हाई. मग म्हनली, "पावनं आल्यात. उठा, हातपाय धुवा, आन् दोघं बी एका घोंगड्यावर बसा. उठताय का अजून एक घालू?"

उठलो की हो! दादा बी उठला. बसलो एका घोंगड्यावर, रगात पुसत. कळलं आता? ही पट्टी गारंची न्हाई. दुरुस्तीची बी न्हाई म्हना. ही पट्टी अंजनाची हाय!

जमादारांनी मिशीवरनं हात फिरवला. वर बघितलं, तितं नुसतं निळं आभाळ. खाली बघितलं, तितं आमी दोघं. मी हात जोडलं, म्हनलं, "जमादारसाब, छपराचं जरा..." तर ते म्हनलं, "छप्पर घाला चुलीत! छप्पर काय घेऊन जायचंय मला? माझं ल्योक, तिघं भाऊ हायत. तिघं बी पलटनीतलं, तिघं बी बापाचं ऐकत न्हाईत. असली सून मी कवापास्नं हुडकतोय! पोरगी पसंत हाय. तेवढं मुसळ पाठवा तिच्यासंगट."

घ्या! ज्या छपरापायी हाडं मोडून घेतली, त्याची कुनाला फिकीरच न्हाई! पुढल्या पंधरवड्यात लगीन. भिंत पडली ती पडलीच. आता एकच घर, निम्मं आभाळाखाली. अंजनानं दम दिलाय, "दोघांनी मिळून सांगलीला जायचं, मिळतील ती कौलं आनायची, एका मोटारीनं जायचं, आन् एकमेकांशी तोंडानं बोलायचं. जनावराला सांगितलेलं कानावर आलं तर बघा." आता दादा तोंडानं बोलतोय बरं का. पोरगी समोर असली की "सयाजी, भाकरी घे. सयाजी, पानी घे." मी बी म्हनतो, "व्हय दादा." असा गोडवा की मुंग्या लागाव्या.

ते बघा, त्या बाकड्याच्या त्या टोकाला. हात गळ्यात बांधलेला, डोस्क्याला असलीच पट्टी... ते आमचं दादा! सकाळपास्नं एका बाकड्यावर बसलोय. शब्द न्हाई. गावची शीव वलांडली, पोरगी दिसंनाशी झाली, की तोंडाला कुलूप!

आली वाटतं मोटार... व्हय, आलीच. ऐका, ऐका, त्या स्टँडावरच्या कुत्र्याला काय सांगतोय ते ऐका! "कुत्र्या, काई लोकांना म्हनावं बडबड पुरे, मोटार आली."

बघितलंत? आता काय करायचं? मुसळ हितं न्हाई, पोरगी हितं न्हाई... कुत्र्या, ये हिकडं. जा, त्याला सांग. म्हनावं, आलो.