लॉकरचं बटण

नाही रे हितेश, बाहेर कशाला येतोस, ट्रकखालीच राहा — मी इथूनच सांगते. चाकांचा लॉकर दोन्हीकडे बसव, पुढे पण आणि मागे पण. बोरीवलीहून मढला तुझ्यासारखा मेकॅनिक उगाच बोलावलाय का? पावसाआधी होड्या वर ओढायच्या म्हणजे वाळूत उतरावं लागतं, आणि हा मिलिटरीतून निघालेला ट्रक एवढा जड, की उतरला की रुतलाच — एक चाक नुसतं गरागरा फिरतं, दुसरं ढिम्म. तूच म्हणालास ना, लॉकर लागला की दोन्ही चाकं एकत्र फिरणार? झकास. मग मला कोणाची गरज नाही.

कोणाची म्हणजे त्या भाऊरावची, दुसरं कोण. त्याचा ट्रॅक्टर आहे ना. माझा नवरा शिवदास गेल्यापासून ट्रक मीच चालवते, आणि अडकला की हा हजर — हाक मारायला पण नको. आमच्याकडे पद्धत अशी, वाळूतून ज्यानं ओढून काढलं त्याला त्याच दिवशी घरी जेवू घालायचं. मग बसतो ओटीवर, भात परत परत मागून घेतो, शिवदासच्या गमती सांगतो, मला हसवतो. माझी जाऊ, सरूबाई, ती म्हणते, "सुगंधा, तुझा ट्रक हल्ली जास्तच रुततो गं." सगळा कोळीवाडा हसतो. वैताग आला मला, म्हणून लॉकर. विषय संपला. गेल्या खेपेला तर हद्दच झाली — मी सकाळी उठून बोंबील आणले, त्याला झणझणीत लागतं म्हणून मिरची जास्त वाटली, भात दोघांचा लावला, आणि मग ट्रक घेऊन वाळूत —

हसतोस काय रे? आधी नव्हते आणले. म्हणजे... आणले होते. बोंबील सकाळीच चांगले मिळतात.

बरं, एक सांग. हा लॉकर कायम लागलेलाच राहतो का? बटण असतं? आत, माझ्या हाताशी? दाबलं तर लागणार, नाही दाबलं तर आधीसारखंच? मग हे आधी सांगायचं ना, मघापासून जीव टांगणीला लागलाय माझा. बसव, दोन्हीकडे बसव. फक्त बटण कुठंय ते भाऊरावला दाखवायचं नाही — ऐक, ट्रॅक्टरच येतोय तो. घुस खाली, आणि तोंड बंद ठेव.